कॉलेजच्या हॉकी संघामागचं मंडळ: बूस्टर क्लबबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावात वर्षातले पाच महिने बर्फ असतो आणि सात महिने हॉकी. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या या पट्ट्यात नोकरीसाठी आलेलं किंवा मुलाला कॉलेजात सोडायला आलेलं मराठी कुटुंब भेटलं, की चार वाक्यांत विषय रिंकवर येतो. मी तिथल्या बूस्टर क्लबची खजिनदार आहे हे त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं. मग तेच प्रश्न. दर वेळी चहा गार होईपर्यंत उत्तरं देण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

हॉकी म्हणजे आपली ध्यानचंदांची हॉकी ना?

नाही. इथे नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरची. रिंक म्हणजे त्या बर्फाचं मैदान. हिरवळीवरच्या हॉकीला ‘फील्ड हॉकी’ म्हणतात, आणि इथल्या कॉलेजांच्या अधिकृत स्पर्धांत ती फक्त मुली खेळतात. धनराज पिल्ले खडकीत घडला, असं मी एकदा रिंकवर कौतुकानं सांगायला गेले, तर समोरच्याला पहिला धक्का बसला तो पुरुषही ही हॉकी खेळतात याचा.

बर्फावरची कॉलेज हॉकी हा तसा छोट्या घरातला खेळ आहे. कॉलेज क्रीडेची मध्यवर्ती संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांच्या बास्केटबॉलचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत, हॉकीचे साठच्या जरा वर. त्यामुळे एक गंमत होते. इतर खेळांत ज्यांचं नावही कुणी घेत नाही अशी लहान गावांतली कॉलेजं हॉकीत बड्या विद्यापीठांना धूळ चारतात. मिशिगनच्या उत्तर टोकाला सू सेंट मरी नावाचं गाव आहे. तिथल्या लेक सुपीरियर स्टेटनं १९८८, १९९२ आणि १९९४ अशी तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. २०२५ मध्ये कालामझूच्या वेस्टर्न मिशिगननं पहिल्यांदाच चषक नेला. अशा गावांत शुक्रवार-शनिवारचा सामना हाच सिनेमा, हीच जत्रा आणि हेच लग्नघर. बूस्टर क्लब उगवतात ते याच मातीत, म्हणजे बर्फात.

आणि १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणारे अमेरिकन खेळाडू आठवत असतील, तर त्या वीस जणांपैकी नऊ जण एकट्या मिनेसोटा विद्यापीठाचे होते. प्रशिक्षक हर्ब ब्रूक्सही तिथलाच.

बूस्टर क्लब म्हणजे फॅन क्लबच ना?

फॅन क्लब आरडाओरडा करतो. बूस्टर क्लब आरडाओरडा करून झाल्यावर खुर्च्या उचलतो.

आपल्याला समजेल असं सांगायचं तर ते एक सार्वजनिक मंडळ आहे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वार्षिक सभा, वर्गणी, पावतीपुस्तक, आणि सभेत दर वर्षी तोच एक मुद्दा काढणारे एक काका. सगळे बिनपगारी. सभासदांत माजी खेळाडू असतात, सध्याच्या खेळाडूंचे आईवडील असतात, निवृत्त प्राध्यापक, गावातला दंतवैद्य, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. आमच्यासारखी ध्यानीमनी नसताना अडकलेली माणसंही असतात.

नाव बऱ्याच ठिकाणी ‘ब्लू लाइन क्लब’ असं दिसेल. मिनेसोटात आहे, विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमध्ये आहे, मिशिगन विद्यापीठाच्या क्लबाच्या नावात ‘डेकर्स’ जोडलेलं आहे. बर्फावर दोन निळ्या रेषा असतात, त्यांवरून हे नाव पडलं. एकाच नावाचे क्लब म्हणून ते एकाच संस्थेच्या शाखा आहेत असं समजू नका. गावोगावी ‘जय हिंद मित्र मंडळ’ असतं तसंच हे.

संघ कॉलेजचा. मग पैसे कॉलेज का देत नाही?

देतं. प्रशिक्षकांचे पगार, शिष्यवृत्त्या, प्रवास, विमा, रिंकचा खर्च हे सगळं पहिल्या श्रेणीचं कॉलेज सहसा उचलतं. क्लब त्यावरची पुरवणी भरतो. व्हिडिओ पाहायचा नवा संच, कपड्यांच्या खोलीतलं फर्निचर, मोसमअखेरचा सत्कार समारंभ, दूरच्या सामन्याहून परतताना बसमध्ये ठेवायचे खाऊचे डबे. संमिश्र तंतूंची एक चांगली स्टिक तीनशे डॉलरच्या आसपास जाते आणि एका फटक्यात दोन तुकडे होते. पंचवीस-सव्वीस पोरांनी मोसमभर किती मोडल्या हे मी मोजायचं सोडून दिलंय.

पण हे झालं विद्यापीठाच्या अधिकृत संघांचं. याच्या खाली एक वेगळीच दुनिया आहे. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेजिएट हॉकी असोसिएशनमध्ये शेकडो संघ आहेत. त्यांचा दर्जा ‘क्लब’ संघाचा, म्हणजे कॉलेज नाव आणि थोडीफार मदत देतं आणि बाकीचे पैसे खेळाडू स्वतः भरतात. अशा संघाला रिंक भाड्यानं घ्यावी लागते, तीही तासावर, म्हणून सराव रात्री दहानंतर. तिथे बूस्टर क्लब पुरवणी राहत नाही, मुख्य उत्तरपत्रिकाच होतो. तुमच्या मुलाच्या कॉलेजचा संघ या दोनपैकी कुठल्या प्रकारचा आहे हे आधी विचारा. पुढची निम्मी उत्तरं त्यावर बदलतात.

वर्षभर नेमकं काय काम असतं?

मोसम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि नशीब जोरावर असेल तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ‘फ्रोझन फोर’ला, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीला संपतो. नियमित मोसमात साधारण ३४ सामने, बहुतेक शुक्रवार-शनिवार अशा जोडीनं. म्हणजे घरच्या सामन्यांचे दहा-एक शुक्रवार-शनिवार पक्के धरा.

उन्हाळ्यात गोल्फची स्पर्धा असते. कारण साधं आहे. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते जुलैत गोल्फ खेळतात. सप्टेंबरात वर्गणी गोळा होते, सभासदांची यादी ताजी होते, नवीन खेळाडूंच्या पालकांना फोन जातात. ही यादी ताजी ठेवणं हे सगळ्यांत कंटाळवाणं काम आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. का ते पुढे येईल. मोसम सुरू झाला की प्रत्येक घरच्या सामन्याला टेबल मांडायचं, सोडतीची तिकिटं विकायची, मध्यंतरातला खेळ चालवायचा. पीरियड तीन, मध्यंतरं दोन, त्यामुळे विक्रीची संधीही दोनदाच. आठवड्यातून एकदा दुपारच्या जेवणाला प्रशिक्षक येऊन मागच्या सामन्याबद्दल बोलतात, असाही रिवाज बऱ्याच क्लबांत आहे. फेब्रुवारीच्या शेवटी ‘सीनियर नाइट’ असते. चौथ्या वर्षाची मुलं आईवडिलांचा हात धरून बर्फावर येतात, आईच्या हातात फुलं. मी प्रत्येक वर्षी ठरवते की रडायचं नाही.

जेवण द्यायचं असतं म्हणे. आपलं मराठी जेवण चालेल?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि माझी सगळ्यांत मोठी फजितीही यातच झालेली आहे.

आधी गरज समजून घ्या. थँक्सगिव्हिंगला आणि नाताळात कॉलेज रिकामं होतं, भोजनगृहाला कुलूप लागतं. हॉकीचा मोसम मात्र तेव्हा ऐन भरात असतो. सगळं वसतिगृह घरी गेलेलं आणि ही पंचवीस पोरं मागे राहिलेली. त्यातले कित्येक कॅनडाचे, काही स्वीडन-फिनलंडचे. शिवाय हॉकीत बहुतेक मुलं बारावीनंतर थेट कॉलेजात येत नाहीत. आधी दोन-तीन वर्षं ज्युनियर लीगमध्ये परक्या गावी, परक्या कुटुंबात राहून खेळतात आणि मग वीस-एकविसाव्या वर्षी कॉलेजचं पहिलं वर्ष सुरू करतात. सोळाव्या वर्षापासून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात वाढलेली पोरं ही. पानात वाढलेलं सगळं संपवतात, ताट उचलून ठेवतात आणि काकूंना ‘मॅम’ म्हणतात.

तर पहिल्या वर्षी मी हौसेनं शंभरेक साबुदाणा वडे तळून नेले. संघाच्या ट्रेनरनं दारातच विचारलं, यात शेंगदाणे आहेत का? आता साबुदाणा वड्यात दाण्याचं कूट नसेल तर काय सिमेंट असेल? दोन मुलांना शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी होती. ट्रे तसेच परत. चूक सर्वस्वी माझी, यादी मला आधीच पाठवली होती आणि मी ती उघडलीच नव्हती. तेव्हापासून माझा नियम असा: कूट नाही, काजूची ग्रेव्ही नाही, खोबऱ्याबद्दलही विचारून घ्यायचं, आणि प्रत्येक भांड्यावर घटकांची चिठ्ठी.

सामन्याच्या आधीचं जेवण तीन-चार तास आधी होतं आणि ते मुद्दाम मिळमिळीत असतं. चिकन, पास्ता, भात. तिथे आपली कला दाखवू नका. सामन्यानंतर मात्र काहीही चालतं. जिरा भात, कोंबडीचा बेताच्या तिखटाचा रस्सा, बटाट्याची पिवळी भाजी. पुऱ्या तर मोजायच्याच नाहीत.

नियमाची बाजूही आहे. एनसीएएच्या चौकटीत क्लबाच्या माणसानं खेळाडूंना ‘अधूनमधून’ जेवू घालणं चालतं. ते घरी, कॅम्पसवर किंवा जिथे घरचे सामने होतात त्या ठिकाणी. बाहेरून मागवलेलं घरी वाढलं तरी चालतं. पण तेच जेवण हॉटेलात नेऊन घातलंत तर चालत नाही. तर्कशास्त्र शोधू नका.

एखाद्या मुलाला विमानतळावर सोडलं, वाढदिवसाला शंभर डॉलर दिले, तर काय बिघडलं?

बिघडतं, आणि तुमचं नाही, त्या मुलाचं बिघडतं. त्याचं खेळणं थांबू शकतं.

क्लबाचे सभासद झालात, संघाला देणगी दिलीत, खेळाडूला नोकरी मिळवून द्यायला मदत केलीत, यातलं काहीही एकदा केलं की एनसीएएच्या दृष्टीनं तुम्ही ‘बूस्टर’. आणि हा शिक्का आयुष्यभराचा. सभासदत्व सोडलं, गाव सोडलं, तरी पुसला जात नाही. बूस्टरनं खेळाडूला किंवा त्याच्या घरच्यांना असं काही द्यायचं नाही जे त्या कॉलेजच्या इतर विद्यार्थ्यांना मिळत नाही. रोख रक्कम, उसने पैसे, बिनभाड्याची खोली, गाडी, सगळं यात आलं. अजून शाळेत किंवा ज्युनियर लीगमध्ये असलेल्या मुलाला ‘आमच्याच कॉलेजात ये’ म्हणून गळ घालणंही बूस्टरचं काम नाही. ते फक्त प्रशिक्षकांचं.

एवढी कडक भाषा कुठून आली? १९८७ साली टेक्ससमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला एनसीएएनं आख्खा मोसम बंद ठेवण्याची शिक्षा दिली, कारण बूस्टर मंडळी खेळाडूंना गुपचूप पैसे देत होती. पुढच्या मोसमातही ते विद्यापीठ संघ उभा करू शकलं नाही. फुटबॉलच्या पापाचा धाक आजही हॉकीच्या टेबलावर बसलेल्या माझ्यासारखीला आहे.

प्रत्येक कॉलेजात नियमपालन पाहणारं एक कार्यालय असतं. शंका आली की आधी तिथे ईमेल करा आणि उत्तर येईपर्यंत हात आवरा. ती माणसं वैतागत नाहीत. न विचारणाऱ्यांवर वैतागतात.

पण आता तर खेळाडूंना उघडपणे पैसे मिळतात ना?

मिळतात. १ जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावाचा, चेहऱ्याचा, प्रसिद्धीचा मोबदला घेऊ शकतात. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजंही थेट वाटा देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सर्व खेळ मिळून कमाल साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर. यातला बहुतेक पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळतो. हॉकीच्या वाट्याला काय येतं ते कॉलेजवर ठरतं, आणि बऱ्याच लहान कॉलेजांत उत्तर ‘नमस्कार’ एवढंच आहे.

बूस्टरसाठी अर्थ इतकाच, की तुमचं दुकान असेल आणि त्याच्या जाहिरातीत एखादा खेळाडू हवा असेल तर रीतसर करार करा. सहाशे डॉलरच्या वरचा करार नोंदवावा लागतो आणि त्यात खरा व्यवसाय आहे की जाहिरातीच्या नावाखाली खिरापत, हे तपासलं जातं. वाढदिवसाचं पाकीट आजही चालत नाही. हॉकीत आणखी एक पेच आहे. परदेशी मुलं विद्यार्थी व्हिसावर असतात, आणि विद्यार्थी व्हिसा व कमाई यांचं नातं काय असतं ते मराठी वाचकांना मी काय सांगू.

पैसे कसे उभे करता?

सगळ्यांत भरवशाची ‘फिफ्टी-फिफ्टी’. दोन पीरियडभर तिकिटं विकायची, जमलेल्या रकमेतला अर्धा भाग विजेत्याला, अर्धा क्लबाला. दुसरा प्रकार ‘चक-अ-पक’. क्रमांक घातलेल्या स्पंजच्या चकत्या विकायच्या. मध्यंतरात भोंगा वाजला की सगळं प्रेक्षागार त्या बर्फाच्या मधोमध ठेवलेल्या खुणेकडे भिरकावतं, जवळात जवळ पडलेल्याला बक्षीस. मग बर्फ गुळगुळीत करणारी झांबोनीची गाडी आत येण्याआधी आम्ही खराटे घेऊन त्या चकत्या गोळा करतो. सत्तरीच्या बाई बर्फावर खराटा घेऊन पळताना पाहायच्या असतील तर जरूर या. शिवाय खेळाडूंनी घातलेल्या जर्सींचा लिलाव होतो, कॉलेजच्या परवानगीनं.

सोडत म्हणजे कायद्यानं जुगार, आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. मिशिगनमध्ये राज्याच्या लॉटरी खात्याकडून धर्मादाय परवाना घ्यावा लागतो. मिनेसोटात बारमध्ये विकल्या जाणाऱ्या ‘पुल-टॅब’ चिठ्ठ्यांच्या पैशांवर लहान मुलांच्या हॉकीचा मोठा भार चालतो. युटा आणि हवाईत मात्र सोडत काढायचीच सोय नाही. शेजारच्या राज्यातला क्लब करतो म्हणून आपणही करू, असं म्हणू नका.

आपल्या लोकांनी एक सोपी वाट ओळखावी. तुमच्यापैकी कित्येक जण ज्या मोठ्या कंपन्यांत आहेत, त्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर स्वतः घालतात. काही तर तुम्ही स्वयंसेवेचे तास नोंदवले तरी संस्थेला पैसे पाठवतात. इथल्या हार्डवेअरवाल्याला हे माहीत नसतं. मी पहिल्या वर्षी असा एक अर्ज भरला आणि दुसऱ्या वर्षी मला खजिनदार केलं. कौतुक म्हणून की शिक्षा म्हणून, हे अजून ठरायचंय.

हिशोब आणि कर यांचं काय?

बहुतेक क्लब करमुक्त धर्मादाय संस्थांच्या ५०१ सी ३ या कलमाखाली नोंदलेले असतात. आपली कित्येक महाराष्ट्र मंडळं असतात तसेच. छोट्या संस्थेसाठी सोपा अर्ज आहे, शुल्क २७५ डॉलर. मोठ्या अर्जाचं ६००. वार्षिक जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर दर वर्षी आयआरएसला, म्हणजे कर खात्याला, पोस्टकार्डाएवढं विवरण ऑनलाइन भरायचं. दहा मिनिटांचं काम. पण सलग तीन वर्षं विसरलात तर करमुक्त दर्जा आपोआप जातो. आर्थिक वर्ष जुलै ते जून धरलंत तर मुदत १५ नोव्हेंबरला येते, म्हणजे ऐन मोसमात, जेव्हा जुना खजिनदार नव्याला वह्या द्यायला विसरलेला असतो.

एका सापळ्याबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण चांगल्या मनाची माणसं त्यात पडतात. विशेषतः जिथे खेळाडू स्वतः शुल्क भरतात तिथे. कल्पना अशी: ज्या आईवडिलांनी सोडतीची जास्त तिकिटं विकली त्यांच्या मुलाच्या शुल्कातून तितके पैसे वजा. ऐकायला किती न्याय्य! जो राबेल त्याला फळ. पण करमुक्त संस्थेचा पैसा एका व्यक्तीच्या फायद्याला लावता येत नाही. २०१३ साली ‘कॅपिटल जिम्नॅस्टिक्स’ नावाच्या बूस्टर क्लबाच्या खटल्यात नेमक्या याच पद्धतीमुळे करमुक्त दर्जा काढून घेणं कर न्यायालयानं योग्य ठरवलं. जमा झालेला पैसा सगळ्या संघाचा. ज्याच्या बाबांनी एकही तिकीट विकलं नाही त्याचाही. आपल्या मंडळात वर्गणी न देणाऱ्यालाही प्रसाद मिळतोच की.

रोकड नेहमी दोघांनी मोजायची आणि ते दोघे नवराबायको नसावेत. एवढं एक पाळलं तरी निम्मी भांडणं टळतात.

माझ्या देणगीवर कर सवलत मिळेल?

निखळ देणगीवर, होय. २०२५ पर्यंत त्यासाठी खर्च तपशीलवार दाखवावे लागत; २०२६ पासून तसे न दाखवणाऱ्यांनाही रोख देणगीवर मर्यादित सवलत आहे. २५० डॉलर किंवा जास्त दिलेत तर क्लबाकडून लेखी पोच घ्या. सोडतीच्या तिकिटावर सवलत नाही. जेवणाचं तिकीट शंभरचं आणि ताट चाळीसचं असेल तर देणगी साठच. पूर्वी चांगल्या जागांचा हक्क मिळवण्यासाठी दिलेल्या देणगीचे ८० टक्के वजा करता येत. २०१८ पासून ते बंद झालं.

मुलींच्या संघासाठीही असतात का क्लब?

असतात, आणि नसेल तर तुम्ही काढा. मुलींची एनसीएए स्पर्धा २००१ ला सुरू झाली. पुरुषांची १९४८ पासून आहे, म्हणजे त्रेपन्न वर्षं आधी. माजी खेळाडूंची फळी तितकीच मागे, आणि देणग्या माजी खेळाडूंकडून येतात.

इथे शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेद करायला मनाई करणारा १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा आडवा येतो, आणि बरं होतं येतो ते. क्लबानं पुरुषांच्या संघाला झकपक कपड्यांची खोली करून दिली, तर ‘पैसे बाहेरून आले’ ही सबब कॉलेजला सांगता येत नाही. मुलींना त्या तोडीची सोय द्यायची जबाबदारी कॉलेजवर येते. म्हणून कधीकधी तुमची मोठी देणगी कॉलेज चक्क नको म्हणतं. पुरुषांच्या क्लबातले काही जण यावर कुरकुरतात. मी त्यांच्याकडे पाहते आणि चहाचा कप उचलते.

भरपूर पैसे दिले तर प्रशिक्षकाला दोन शब्द सांगता येतात?

नाही. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं यावर क्लबाचा शब्द चालत नाही, आणि चालू नये. मुलाला चौथ्या फळीत टाकलं म्हणून जानेवारीत वर्गणी परत मागणारे बाबा मी पाहिलेत.

पैशाचा आवाज फार मोठा झाला की काय होतं त्याचं उदाहरण नॉर्थ डकोटात आहे. तिथल्या विद्यापीठाचा माजी गोलकीपर राल्फ एंगेलस्टॅड लास व्हेगासमध्ये कसिनोचा मालक झाला आणि त्यानं दहा कोटी डॉलरहून जास्त खर्चून हॉकीचं आलिशान स्टेडियम बांधायला घेतलं. तेव्हा संघाचं नाव ‘फायटिंग सू’ होतं. सू ही तिथल्या मूळ रहिवाशांची जमात, आणि नाव बदलावं अशी मागणी होती. एंगेलस्टॅडनं डिसेंबर २००० मध्ये पत्र लिहिलं: नाव बदललंत तर काम थांबवतो, इमारत तशीच पडू द्या. नाव राहिलं. २००१ मध्ये स्टेडियम उघडलं, ते चिन्ह जागोजागी कोरून. शेवटी २०१२ मध्ये नाव गेलंच आणि २०१५ मध्ये ‘फायटिंग हॉक्स’ आलं. स्टेडियम देखणं आहे, वाद नाही. पण देणगीदाराच्या एका पत्रानं विद्यापीठाचा निर्णय जवळजवळ एक तप लांबला, ही गोष्ट मी आमच्या प्रत्येक नव्या कार्यकारिणीला सांगते.

कॉलेजनं संघच बंद करायचा ठरवला तर क्लब काही करू शकतो का?

करू शकतो. कधी जमतं, कधी नाही.

२०२० मध्ये अलास्काच्या अँकरेज विद्यापीठानं अंदाजपत्रकाचं कारण देऊन हॉकी बंद करायचं ठरवलं. दार मात्र किलकिलं ठेवलं: दोन वर्षांच्या खर्चाएवढे, म्हणजे तीस लाख डॉलर आणलेत तर संघ राहील. करोनाचा काळ, सामने बंद, रिंकवर टेबल मांडायचीही सोय नाही. ‘सेव्ह सीवुल्फ हॉकी’ या नावानं गावकरी, माजी खेळाडू, पालक कामाला लागले, आणि २०२१ च्या ऑगस्टपर्यंत तीस लाख जमले. २०२२-२३ च्या मोसमात संघ पुन्हा बर्फावर उतरला.

अलाबामातल्या हंट्सव्हिलची गोष्ट उलटी. मे २०२० मध्ये तिथली हॉकी बंद झाली, तेव्हा आठवड्याभरात पाठीराख्यांनी पाच लाख डॉलरहून जास्त उभे केले आणि संघ एक मोसम वाचला. पण त्यांची साखळी स्पर्धाच फुटली, सात कॉलेजं निघून गेली, आणि दक्षिणेतल्या या एकाकी संघाला दुसऱ्या कुठल्याही साखळीनं घेतलं नाही. मे २०२१ मध्ये पडदा पडला. पैसे होते, खेळायला कुणी नव्हतं. त्याच महिन्यात पिट्सबर्गजवळच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठानं मुलांचे आणि मुलींचे दोन्ही संघ बंद केले. तिथे पालक आणि माजी खेळाडू दोन वर्षं झगडले आणि २०२३-२४ मध्ये दोन्ही संघ परतले.

मघाशी यादीबद्दल म्हटलं ते याचसाठी. संघ बंद होणार ही बातमी येते तेव्हा हाताशी फार तर काही महिने असतात, कधी एक आठवडा. १९८३ च्या गोलकीपरचा आजचा ईमेल त्या दिवशी शोधत बसलात तर हरलात.

मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही. चालेल?

मला पहिलं वर्षभर पकच दिसत नव्हता. एक इंच जाडीची काळी रबरी चकती, तीही गोळीसारखी जाणारी. लोक उठले की मी उठायचे. तिकिटं विकायला ऑफसाइड कळावा लागत नाही, सुटे पैसे द्यायला यावे लागतात.

मूल त्या कॉलेजात नाही. शिवाय आम्ही एच-१बी किंवा एच-४ वर आहोत. सामील होता येईल?

मुलाचा संबंध लागत नाही. व्हिसाचं म्हणाल तर, धर्मादाय संस्थेत खरोखर बिनपगारी आणि एरवीही स्वयंसेवकच करतात असं काम करायला आडकाठी नसते. तिकिटं विकणं, वाढणं, खुर्च्या लावणं हे सगळं त्यात बसतं. मानधन, ‘खर्चापोटी’ मोघम रक्कम किंवा मोबदला म्हणून भेटकार्ड घेऊ नका. ज्या कामाला एरवी पगार देतात ते फुकट करून देऊ नका. पेच वाटला तर वकिलाला विचारा, खजिनदाराला नाही.

बर्फावर मासे फेकतात हे खरं का?

खरं. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेलच्या लायना रिंकवर हार्वर्डचा संघ आला की मासे पडतात. सांगतात असं, की हार्वर्डच्या कुणीतरी कॉर्नेलच्या शेतकी शिक्षणाची टर उडवायला मेलेली कोंबडी फेकली होती, त्याचं हे उत्तर. खेळ थांबतो, पंच कधी दंड देतात, आणि ते उचलायला स्वयंसेवक लागतात. बोंबील-पापलेटावर वाढलेल्या माझ्या नवऱ्याला यातलं फक्त वाया गेलेल्या माशाचं दुःख झालं.

पहिल्या दिवशी कुठे जायचं, काय घालायचं?

घरच्या शुक्रवारच्या सामन्याला दार उघडल्यावर लगेच या, सामन्याच्या तासभर आधी. आत थंडी असते आणि बाकं गारढोण, तेव्हा दोन मोजे आणि बसायला काहीतरी जाड. साडी नेसून आलात तरी कुणी काही म्हणणार नाही, मी एकदा संक्रांतीला तशीच गेले होते. पण खाली लोकरीची विजार हवीच. मुख्य दाराच्या डाव्या हाताला टेबल दिसेल, त्यावर रोकडपेटी आणि तिकिटांचं लाल रीळ. तिथे जो कुणी बसलेला असेल त्याला म्हणा, मदत करू का? दुसरं काही बोलावं लागणार नाही, रीळ तुमच्या हातात येईल. आणि डब्यात काही आणलं असेल तर आधी सांगा, कूट आहे का.